आक्काचा खेचरावरचा फोटो

परदेश म्हणजे एक कमान. अलीकडं पानटपरी, पलीकडं पानटपरी. मधून सायकलरिक्षा, भाजीच्या पाट्या, शाळेची लेकरं आरपार ये-जा करतात. कुणी कुणाला विचारत नाही. जालन्याहून निघून, मनमाडला गाडी बदलून, दोन दिवस रेल्वेत अंग आखडून आलेल्या चौदा बायका त्या कमानीखाली उभ्या होत्या आणि नेपाळ नेमका कुठून सुरू झाला ते शोधत होत्या. त्या चौदाजणींची पुढारी मी.

आमच्यात एक माजी सरपंच आहेत, आष्टीकडच्या. आम्ही त्यांना सरपंचीणबाई म्हणतो, कारण सरपंचकी त्यांच्या नावावर होती आणि केली त्यांच्या मालकांनी. त्यांनी या ट्रिपसाठी नवा कोरा पासपोर्ट काढला होता. त्या खिडकीशी गेल्या आणि शिक्का मागितला. तिथला माणूस म्हणाला, माताजी, भारतातल्यांना शिक्का लागत नाही, खुशाल जा. बाई हटेनात. शिक्क्याशिवाय कागदाला किंमत नसते हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणाल्या, घरी दाखवायला काय नेऊ मंग. तो बिचारा हात जोडून राह्यला, मागं रांग वाढत चालली, आणि बाकीच्या अकरा-बाराजणींनाही आठवण झाली की आपल्यालाही शिक्का पाहिजे. शेवटी मी शिट्टी वाजवली, बाईंचा दंड धरला आणि त्यांना कमानीतून ओढत पलीकडं नेलं. परदेशात आमचं पहिलं पाऊल असं पडलं.

शिट्टी माझ्या गळ्यात कायम असते. मी चौथी शिकलेली. पुढचं जे काही येतं ते रद्दीतले पेपर आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून आलेलं. पण माणसं मोजायची मला सवय आहे. मोती तलावावर सकाळी फिरणाऱ्या बायकांना एकदा टेम्पोत बसवून जांब समर्थला नेलं आणि जेवढ्या नेल्या तेवढ्या परत आणल्या. बास, तेव्हापासून मी ट्रिपवाली मावशी झाले. मंग वेरूळ झालं, गिरनार झाला, काशी झाली. आणि मंग एकीच्या पुण्याच्या सुनेनं बर्फाच्या डोंगरासमोर दोन्ही हात पसरलेला फोटो स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी तलावावर दुसरा विषय नाही. आपणही ट्रेक करायचा, तोही परदेशात. तलावाच्या दोन फेऱ्यांत ज्यांना तीन वेळा बाक लागतो, त्या बायका हे बोलून राह्यल्या होत्या.

मी हो म्हणाले. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण पुढारीपणाची चटक दारूपेक्षा वाईट.

जालन्यात डोंगर कुठला आणायचा? आमच्या इमारतीला चार मजले आहेत. मी सगळ्यांना सकाळी जिन्यावर चढउतार करायला लावली. पहिल्या दिवशी सगळ्या आल्या, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी खाली पाटी लागली की जिन्याचा वापर व्यायामासाठी करू नये. तेवढ्यावर सराव संपला. त्याच्यापेक्षा जास्त मेहनत फ्लेक्सवर झाली. चौकात चौदा चेहऱ्यांचा फ्लेक्स लागला, परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा. मागं नेपाळचा म्हणून जो डोंगर छापला होता त्याच्या पायथ्याशी लाल कौलांचं चर्च होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात काय आलं, तर माझा फोटो सगळ्यांत मोठा आहे. तिघीजणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या.

या गोतावळ्यात आक्का कशी आली ते सांगते, कारण सांगायचं आहे ते तिचंच.

आक्का माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, सत्तरीच्या आसपास. जाफराबादच्या पुढं तिचं गाव. माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं. लहानपणापासून कळपामागं चालली, मंग शेती आली, मेंढरं गेली, चार एकर राहिले आणि शेतातल्या वस्तीवर, आम्ही आखाडा म्हणतो तिथं, पत्र्याच्या दोन खोल्या. मालक गेल्यावर ती तिथंच राहायची. लेकाचं जालन्यात पंप-पाइपाचं दुकान, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्यानं तिला आणलं, चांगल्या मनानं आणलं. वर्षाच्या आत ती बाथरूमात पाय घसरून पडली. मनगट मोडलं, जुळलं. पण त्या दिवसापासून लेकानं आखाड्यावर एकटं राहायचा विषयच बंद करून टाकला.

"पडले तुझ्या फरशीवर," आक्का त्याला म्हणायची, "अन् बंदी माझ्या शेताला."

हे भांडण मी कितीदा ऐकलं असेल. सकाळी तलावावर ती माझ्याबरोबर चालायची. हात पाठीमागं, हातात आडवी काठी, चाल एकसारखी. मी बोलायची, ती ऐकायची. मधेच म्हणायची, आता तिकडं कापूस फुटला असंल. बास. रडणं नाही, गाऱ्हाणं नाही. बाई नुसती वाट बघून राह्यली होती.

एका रविवारी मी ट्रिपची नावं लिहून घ्यायला तिच्या लेकाकडं गेल्ते, त्याची बायको येणार होती म्हणून. तेव्हा परत तेच चालू होतं. लेक वैतागला होता. तो हसत म्हणाला, "आई, मावशीच्या ट्रिपला जा. तो डोंगर टोकापर्यंत पायानं चढ, पायानं उतर. मंग खुशाल जा आखाड्यावर, मी आडवणार न्हाई."

त्याला वाटलं विषय मिटला. आक्का मला म्हणाली, "लिही माझं नाव." सुनेचं नाव मागं पडलं, सासूचं लागलं.

आता जे सांगते ते सांगायला मला लाज वाटते, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. निघायच्या आदल्या आठवड्यात आक्काच्या लेकाचा मला फोन आला. म्हणाला, मावशी, मी रागात बोलून गेलो. आई हट्टी आहे, जीव जाईल पण थांबणार नाही. तिकडं घोडी, खेचरं असतात म्हणे. तुम्ही तिला बसवा. एक फोटो पाठवा खेचरावरचा. मला तेवढं पुरे, पुढं मी बघतो.

मी बराबर आहे म्हणाले. मला पटलंच होतं. म्हातारी बाई, एकटी, रानात, साप-विंचू. आणि पुढारीपण होतंच. चौदा नेल्या तर चौदा आणायच्या. डोंगरावर काही झालं तर बोट माझ्याकडं येणार. दुसऱ्याच्या आईला जपण्याचं पुण्य आणि आपल्या नावाला जपण्याची सोय, दोन्ही एका फोटोत मिळत होतं. कोण सोडेल?

तर पोखरा नावाच्या गावाहून जीपनं पुढं गेलो आणि रस्ता संपला. तिथून दगडी पायऱ्या. किती ते वाट दाखवणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, पण मी भीतीनं तो आकडा विसरून गेले. ही बाई पन्नाशीची, बुटकी, पायांत साध्या चपला. आम्ही तिला दिदी म्हणायचो. ती आम्हा सगळ्यांना आमा म्हणायची, म्हणजे आई. सरपंचीणबाईंना तेही लागलं. माझ्याच वयाची दिसते अन् मला आई म्हणते, म्हणून त्या दिवसभर तिच्याशी तुसड्यासारख्या वागल्या.

पहिल्या दिवशी अर्ध्या डोंगरावरच्या गावात पोचलो. तेवढ्यातच आमच्या बायकांचं सोंग उतरलं. दहा पायऱ्या आणि फोटो, दहा पायऱ्या आणि पाणी. एकीनं नवे बूट आणले होते ते चावले, ती मोजे घालून चढली. एक म्हणाली, देवच नाही वर तर चढायचं कशाला. हे मात्र मला आवडलं. आमच्या बायकांना डोंगराच्या टोकाला देऊळ लागतं. नुसता डोंगर बघायला चढणं म्हणजे बिनलग्नाच्या मांडवात जेवायला जाण्यासारखं.

आक्का सगळ्यांत हळू चालायची. पण ती थांबायची नाही. बाकीच्या धावत पुढं जाऊन बसायच्या, ती त्याच चालीनं येऊन त्यांच्यापुढं निघून जायची. एकदा मागं वळून बघत म्हणाली, "मेंढरं अशी चढली असती तर लांडग्याची सोय झाली असती." दिदीला मी हिंदीत अर्थ सांगितला. ती एवढी हसली की पायरीवरच बसली.

गावातल्या बायकांनी आम्हाला फुलांच्या माळा घातल्या, कपाळाला टिळा लावला, आपापल्या घरात झोपायला जागा दिली. संध्याकाळी नाचून दाखवलं. नाचणीचं घट्ट पीठ शिजवून वाढलं. आक्का म्हणाली, आपल्या घाट्यासारखं आहे, आणि दोनदा घेतलं. बाकीच्यांनी नाकं मुरडली आणि पिशव्यांतून चिवडा काढला. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला वाटून गेलं, या बायका जालन्यातून निघाल्याच नाहीत. जालनाच उचलून इथवर आणलं.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या वरच्या धारेवर, म्हणजे टोकाला जायचं होतं. तिथून बर्फाचे डोंगर दिसतात. दिदीनं रात्रीच बजावलं होतं की उजाडताच निघा, दहाच्या पुढं ढग येतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि सकाळी बघते तर अंगणात सतरंजी अंथरलेली. सरपंचीणबाईंनी बॅगेत वीस फेटे, शाली आणि नारळ आणले होते. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. म्हणाल्या, गावानं आपलं स्वागत केलं, आता आपण त्यांचा सत्कार केला पाहिजे, नाहीतर मराठवाड्याची इज्जत जाईल. मी म्हणाले, संध्याकाळी करू. त्या म्हणाल्या, सत्काराचा मुहूर्त सकाळचा.

सत्कार म्हणजे आमच्याकडं रोगच आहे. कुणी नोकरीला लागला सत्कार, सुटला सत्कार, नातू दहावी पास झाला आजीचा सत्कार. आणि सत्कारात खरं भांडण कुणाचा करायचा हे नसतं. कुणाच्या हस्ते करायचा हे असतं. त्या परक्या अंगणात, उजाडलेल्या उन्हात, आमच्या बायका हेच भांडल्या. पहिली शाल कुणाच्या हातून? माझा हात पुढं केला तर त्या तिघी रुसल्या. सरपंचीणबाईंनी पुढं होऊन भाषण केलं, मराठीत. समोरच्या बायका गोठ्याकडं बघत होत्या, म्हशींच्या धारा राहिल्या होत्या. एकेकीला फेटा बांधायला पाच-पाच मिनिटं. आक्का सतरंजीच्या कडेला काठी टेकून उभी होती आणि वर डोंगराच्या धारेकडं बघत होती. मी शिट्टी वाजवली नाही. पहिली शाल अखेर माझ्याच हातून दिली गेली, म्हणून वाजवली नाही.

निघायला नऊ वाजले.

मधल्या टप्प्यावर एक मोठं झाड आहे, भोवती ओझी टेकवायला दगडी पार बांधलेला, बाजूला चहाचं दुकान. तिथं पोचेपर्यंत ढग खाली उतरले होते. बायकांनी पाय पसरले. दिदीनं सांगितलं, आता वर जाऊन काही दिसणार नाही, हवं तर इथूनच परत फिरू. सगळ्यांना तेच पाहिजे होतं. बर्फ न दिसल्याचा दोष ढगांवर गेला, म्हणजे कुणावरच नाही.

आक्कानं दिदीला विचारलं, "टोक किती लांब?" दिदी म्हणाली, दीड तास. आक्का म्हणाली, "मंग चल की."

तेवढ्यात खालून खेचरं आली. गळ्यात घंटा, पाठीवर सिमेंटच्या गोण्या आणि गॅसच्या टाक्या. हाकणाऱ्यानं एका खेचरावरचं ओझं उतरवून त्याला पाणी पाजलं. झालं. आमच्या बायकांना नवस फळल्यासारखं झालं. सरपंचीणबाई उरलेला फेटा स्वतःच्या डोक्याला बांधून, काळा चष्मा लावून खेचरावर बसल्या. मंग दुसरी, मंग तिसरी. हाकणारा आधी चिडला, मंग त्यालाही गंमत वाटायला लागली. ते खेचर मात्र कान पाडून उभं होतं, वर्गात शिक्षा म्हणून उभं केलेल्या पोरासारखं.

मी आक्काला म्हणाले, तूही बस, फोटोपुरतं.

"ओझ्याचं जनावर हाय," ती म्हणाली. "दम खाऊ दे की त्याला."

मी म्हणाले, सगळ्या बसल्या, तूच राहिलीस. आठवण राहील. माझ्या तोंडून हे इतक्या गोड आवाजात आलं की मलाच ओळखू आलं नाही.

"तू म्हणतीस म्हनून," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली.

मी दोन पायऱ्या खाली सरकले. खाली सरकले कारण तिथून बाकीच्या बायका फोटोत येत नव्हत्या. झाड येत नव्हतं, पार येत नव्हता. नुसत्या वर जाणाऱ्या पायऱ्या, खेचर, दोर धरलेला माणूस आणि वर आक्का. मी दोन फोटो काढले. दुसरा जास्त चांगला आला. ती दोन मिनिटंही वर नव्हती. उतरली, खेचराच्या मानेवरून हात फिरवला आणि काठी घेऊन निघाली.

तिथं मोबाइलला रेंज होती. मी फोटो पाठवला.

वर तिघीच गेलो. दिदी, आक्का आणि मी. बाराजणी चहाच्या दुकानात बसल्या. माझा गुडघा सकाळपासून बोलत होता, पण एवढं करून तिला एकटीला वर पाठवायचं मला जमलं नाही. नुसतं पांढरं. दहा पावलांपुढचं दिसेना. आक्का पुढं, तिची तीच चाल. एका जागी पायऱ्या ढासळल्या होत्या. तिथं तिनं आधी काठीनं माती चाचपली, पाऊल टाकलं, आणि मागं वळून मला हात दिला. त्याच मनगटाचा हात, जो मोडला होता.

टोक म्हणजे एक गवताळ पट्टी आणि दगडांची रास. बर्फाचा पत्ता नाही. मला रडूच यायला लागलं, एवढा गुडघा फोडून घेतला आणि समोर धुतलेलं धोतर. आक्का खाली बसली, गवताची काडी तोडून दातात धरली आणि म्हणाली, "चारा चांगला हाय इथं."

मंग ती बोलायला लागली. इतक्या वर्षांत तिला मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. आखाड्यावर गेल्यावर काय काय करायचं ते सांगत होती. मागच्या खोलीचा पत्रा बदलायचा. दोन शेळ्या घ्यायच्या, दोनच, जास्त झाल्या तर लेकाला बोलायला जागा होते. विहिरीच्या बाजूला शेवगा लावायचा. सुनेला शेंगा आवडतात, पाठवत जाईन. मी हं हं करत होते. पदराखाली मोबाइल वाजला. बघितलं तर तिच्या लेकानं फोटोखाली अंगठा पाठवला होता.

उतरताना माझा गुडघा पूर्ण सुजला. माझी पिशवी आक्काच्या खांद्यावर, माझा एक हात दिदीच्या गळ्यात, एक आक्काच्या. सगळ्या पायऱ्या अशा उतरलो. चहाच्या दुकानाशी पोचलो तेव्हा बाराजणींनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक. सरपंचीणबाई म्हणाल्या, पुढारीणबाईंचंच चाक पंक्चर झालं. मला राग आला नाही. त्या खरं बोलल्या होत्या, आणि त्यांना ते अर्धंच माहीत होतं.

तो मेसेज माझ्याकडून खोडता आला असता. त्याला फोन करता आला असता की तुझी आई टोकाला जाऊन आली. पोखऱ्यात दोन दिवस होतो, रेल्वेत दोन दिवस होतो. मी नाही केला. गुडघ्याला बर्फ लावत बसले. मनात म्हणायची, घरी गेल्यावर शांतपणे सांगू. शांतपणे सांगू म्हणणारी माणसं काय लायकीची असतात ते मला दुसऱ्यांच्या बाबतीत चांगलं ओळखता येतं.

जालना स्टेशनावर हार, हलगी, नातवंडं. सगळ्यांना उतरवलं, मोजलं, चौदा. आक्काचा लेक आला होता. त्यानं आईच्या पाया पडून तिच्या गळ्यात हार घातला, मलाही घातला. आक्का म्हणाली, "जाऊन आले टोकाला. येत्या सोमवारी मला जाफराबादच्या गाडीत बसवून दे."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. आईशी जिंकलेल्या पोराच्या लाडात म्हणाला, "आई, हे काय मंग? पायानं ठरलं होतं ना?"

आक्कानं मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. तिला समजायला वेळ लागला. सरपंचीणबाई मधे पडल्या, अरे आम्ही सगळ्याच बसलो होतो फोटोला. पण तो त्यांना म्हणाला, तुम्ही सगळ्या तिच्याच बाजूच्या. टोकापर्यंत कुणी गेलं होतं का बरोबर? त्या बाराजणींतलं खरंच कुणी गेलं नव्हतं. हलगीवाला वाजवतच होता.

आक्कानं मोबाइल त्याला परत दिला. गळ्यातला हार काढला आणि घडी घालतात तसा दोन्ही हातांत धरून उभी राहिली. हरलेलं माणूस असं दिसतं हे मी तेव्हा पाहिलं.

"मी गेल्ते," मी म्हणाले. "टोकापर्यंत पायानं गेली तुझी आई. पायानंच उतरली. माझं ओझं तिच्या खांद्यावर होतं. खेचरावर ती फोटोपुरती बसली, आणि बसवली मी. तूच सांगितलं होतंस बसवायला, म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, मावशी, हे सगळ्यांसमोर बोलायची गरज होती का. मी म्हणाले, फोटो तू सगळ्यांसमोरच दाखवलास.

हे वाचून कुणाला वाटेल, मावशीनं शेवटी बाजू घेतली, मोठी खरी बाई. बिलकुल नाही. चार दिवस शेपूट घालून बसलेली बाई स्टेशनावर धाडस दाखवते, तेव्हा त्या धाडसाला मेथीच्या जुडीएवढीही किंमत नसते. आक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. गर्दीत चुकून आपलंच माणूस समजून कुणाला हाक मारावी आणि त्यानं वळल्यावर तोंड परकं निघावं, तसं बघितलं. मंग लेकाला म्हणाली, "उचल ते सामान."

शब्द त्यानं पाळला, एवढं त्याच्या पदरात टाकते. सोमवारी तो स्वतःच तिला सोडून आला. पत्राही त्यानंच बदलला.

तिनं माझा फोन उचलला नाही. तलावावर बायका विचारायच्या, आक्का कशी आहे, मी म्हणायची मजेत आहे. दीड महिन्यानं मी जाफराबादपर्यंत एसटीनं आणि तिथून वडाप जीपनं गेले. रस्त्यावर उतरून आखाड्यापर्यंत पायवाट आहे. ती अंगणात सोयाबीन पाखडत होती. दावणीला दोन शेळ्या होत्या. तिनं पाणी दिलं, काळा चहा दिला, सूप मांडीवर घेऊन परत पाखडायला बसली.

मी माफी मागायला गेल्ते. रस्त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. बोलायला लागले, की तुझ्या काळजीनंच, लेकानं सांगितलं म्हणून, तुला काही झालं असतं तर. तिनं ऐकून घेतलं. सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"लेकाला ठाव नव्हतं मी चढंन का न्हाई," ती म्हणाली. "तो भ्याला. त्याचं मला काय न्हाई. तू रोज माझ्यासंगं चालत होतीस. तुला ठाव होतं."

मला ठाव होतं. पहिल्या दिवशीच्या पहिल्या पायरीपासून ठाव होतं, आणि माणूस चढू शकतं हे दिसत असताना मी त्याला जनावरावर बसवलं.

आताही बायका येतात. सरपंचीणबाईंच्या डोक्यात व्हिएतनाम आहे, तिकडं शिक्का मिळतो म्हणे. फ्लेक्सचं डिझाइनही तयार आहे. मी त्यांना सांगते, दुसरी पुढारीण शोधा. त्यांना वाटतं गुडघ्यामुळं.

त्या दिवशी उठताना मी आक्काला विचारलं, परत येऊ का. तिनं मान वर केली नाही. सूप हलवत म्हणाली, "रस्ता सरकारचा हाय."

म्हणून मी जाते. दर पंधरा दिवसांनी. चहा मिळतो. बोलणं मात्र ती शेळ्यांशी करते, आणि मी बसून ऐकते.